मिनेसोटात थेरपीची स्वतःची प्रॅक्टिस: १.८ टक्क्यांचा प्रोव्हायडर टॅक्स कसा मोजायचा आणि कसा भरायचा

माझे वडील लासलगावला एका आडत्याकडे दिवाणजी होते. बाजार समितीचा सेस म्हणजे काय हे मला शाळेत असल्यापासून माहीत होतं. लिलावात कांदा ज्या भावाने गेला त्या रकमेवर सेस लागतो. पुढे त्या गाडीत व्यापाऱ्याने कमावलं की खोट खाल्ली, याच्याशी समितीला देणंघेणं नसतं. तरीही २०१४ साली मिनियापोलिसच्या पश्चिमेच्या उपनगरात एक खोली भाड्याने घेऊन मी सायकॉलॉजिस्ट म्हणून स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली, तेव्हा अगदी तसाच कर माझ्या डोक्यावर आहे हे मला दीड वर्ष कळलं नाही. इन्कम टॅक्स भरत होते. ते काम करणारा अकाउंटंट दुसऱ्या राज्यातला, त्याने कधी विचारलं नाही. २०१५ च्या शरद ऋतूत आमच्या सहकाऱ्यांच्या गटात कॉफी पिता पिता एकीने सहज विचारलं, "तुझा प्रोव्हायडर टॅक्स जातो ना वेळेवर?" मी म्हटलं, तो हॉस्पिटलांना असतो. ती नुसती बघत राहिली.

पुढचे दोन शनिवार-रविवार मी दीड वर्षाचे ईओबी, म्हणजे कुठल्या सेशनचे किती दिले हे सांगणारे इन्शुरन्सचे कागद, जमिनीवर पसरून बसले होते. कर फार नव्हता, त्यावरचा दंड आणि व्याजही सोसण्यासारखं होतं. जीव गेला तो कुठला पैसा कुणाकडून आला हे मागे जाऊन शोधण्यात. आता मेपल ग्रोव्हच्या देवळात किंवा गणपतीच्या जेवणात कुणी नवी थेरपिस्ट भेटली की मी आधी हेच विचारते. परवा अकोल्याच्या एका मैत्रिणीला फोनवर तासभर समजावलं. तेच इथे लिहून काढते आहे.

हा कर नेमका काय आहे

बोलताना सगळे प्रोव्हायडर टॅक्स म्हणतात, राज्याच्या महसूल खात्याच्या कागदावर त्याचं नाव मिनेसोटाकेअर टॅक्स. कायदा १९९२ चा. ज्यांना नोकरीतून विमा मिळत नाही आणि विकत घेणं परवडत नाही अशांसाठी राज्याने मिनेसोटाकेअर ही योजना काढली, आणि तिच्या खर्चासाठी हॉस्पिटलं, डॉक्टर, दंतवैद्य, सायकॉलॉजिस्ट अशा सगळ्यांच्या जमेवर २ टक्के कर बसवला. विरोधकांनी त्याला 'आजारपणावरचा कर' म्हणून हिणवलं. मध्यंतरी १९९८ ते २००३ दर दीड टक्का होता. २०११ मध्ये विधिमंडळाने ठरवलं की २०१९ संपताच हा कर बंद. ती वेळ आली तेव्हा मात्र बंद करण्याऐवजी १ जानेवारी २०२० पासून दर १.८ टक्के करून तो कायम ठेवला. निधीत शिल्लक जास्त दिसली तर पुढच्या वर्षापुरता दर खाली आणायची तरतूदही कायद्यात आहे. म्हणून डिसेंबरात महसूल खात्याच्या संकेतस्थळावर येणाऱ्या वर्षाचा दर बघून घ्या. खालची सगळी आकडेमोड मी १.८ ने केली आहे.

हा कर जमेवर आहे, नफ्यावर नाही. खोलीचं भाडं, मालप्रॅक्टिस विमा (कामात चूक झाल्याचा दावा आला तर), बिलिंगवालीचं कमिशन, काही वजा होत नाही. आणि जमा म्हणजे हातात आलेली रक्कम. सेशन नोव्हेंबरात झालं आणि इन्शुरन्सचे पैसे फेब्रुवारीत आले तर ते फेब्रुवारीत मोजायचे. जे कधी आलेच नाहीत त्यांच्यावर कर नाही, म्हणजे बुडीत क्लेमचं दुःख तेवढंच, वर कराचं नाही.

एकाच वर्गातल्या सगळ्यांना सारखा कर लावायचा, ही अट वॉशिंग्टनची आहे. १९९१ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना असे कर लावायची चौकट आखून दिली आणि कुठल्या सेवांवर लावता येतील त्यांची यादी ठरली. तिच्यात सायकॉलॉजिस्टच्या सेवा हा स्वतंत्र वर्ग आहे. जुलै २०२५ च्या केंद्रीय कायद्याने नवे प्रोव्हायडर टॅक्स गोठवले आहेत, आणि ज्यांनी मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा, जास्त लोकांना खुला केला अशा मिनेसोटासारख्या राज्यांसाठी अशा करांवरची जमेच्या ६ टक्क्यांची मर्यादा पायरीपायरीने ३.५ वर येणार आहे. "मग आता आपला पण जाणार का?" असं दोघींनी मला विचारलं. १.८ हा ३.५ च्या खालीच आहे, तेव्हा त्या आशेवर राहू नका.

तुम्हाला लागतो का

राज्याच्या परवान्यावर तुम्ही थेट रुग्णाला सेवा देत असाल आणि पैसे तुमच्या नावावर किंवा तुमच्या एलएलसीच्या (छोट्या कंपनीच्या) नावावर येत असतील, तर लागतो. एलपी (सायकॉलॉजिस्ट), एलएमएफटी (विवाह-कुटुंब थेरपिस्ट), एलपीसीसी (क्लिनिकल कौन्सेलर), एलआयसीएसडब्ल्यू (क्लिनिकल सोशल वर्कर), परवाना कुठल्याही बोर्डाचा असो. "मी तर फक्त कौन्सेलर" हे चालत नाही. 'किमान एवढी कमाई झाली तरच' अशी पायरीही नाही. आठवड्याला चार क्लायंट बघणारीलाही रिटर्न भरावं लागतं.

तुम्ही एखाद्या क्लिनिकमध्ये पगारावर असाल तर कर क्लिनिकचा, तुमचा नाही. कंत्राटावर बसत असाल, म्हणजे इन्शुरन्सचे पैसे क्लिनिककडे येतात आणि ते तुम्हाला ६० टक्के देतात, तर त्या पैशावर क्लिनिकने कर भरलेला असतो आणि तुमच्या हिश्श्यावर पुन्हा लागत नाही. फक्त करारात एक ओळ शोधा: तुमचे ६० टक्के कर वजा जाऊन आहेत की आधीचे? माझ्या ओळखीची एक जण तीन वर्षं क्लिनिककडून कर कापून घेत होती आणि स्वतः वेगळा भरतही होती. तिने तसं सांगितलं तेव्हा मला कॉफीचा ठसका लागला.

काही कामं या करातून मुळातच बाहेर आहेत, आणि मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात ती बरीच आहेत. आर्म्स म्हणजे प्रौढांच्या पुनर्वसनाच्या सेवा, डे ट्रीटमेंट, गंभीर आजार असलेल्यांच्या घरी जाणारी एसीटी टीम, क्रायसिस रिस्पॉन्स, मुलांसाठीच्या उपचार-आधार सेवा म्हणजे सीटीएसएस, टार्गेटेड केस मॅनेजमेंट, कम्युनिटी मेंटल हेल्थ सेंटरच्या सेवा आणि परवानाधारक निवासी केंद्रं: कायद्याच्या व्याख्येत या 'रुग्णसेवा' नाहीत. समजा तुम्ही सकाळी खासगी थेरपी करता आणि दुपारी तुमच्याच एलएलसीतून सीटीएसएस चालवता, तर एकाच बँक खात्यात येणाऱ्या या दोन पैशांची जात वेगळी आहे. कोर्टासाठी केलेलं मूल्यमापन, नोकरीसाठी किंवा विम्याच्या पात्रतेसाठी केलेली तपासणी हेही बाहेर. मी घटस्फोटाच्या प्रकरणांत मुलांच्या ताब्याचे अहवाल करते, त्यांच्यावर कर भरत नाही.

नोंदणी

हे सगळ्यात सोपं आहे, आणि म्हणूनच राहून जातं. राज्याचा सात आकडी टॅक्स आयडी घ्यायचा, महसूल खात्याच्या ई-सर्व्हिसेसवर खातं उघडायचं आणि त्यात मिनेसोटाकेअरचा प्रोव्हायडर टॅक्स हा प्रकार जोडायचा. एलएलसीची नोंदणी वेगळ्या खात्याकडे असते. तिथे नाव आलं म्हणजे इथेही आलं असं नाही. माझी गफलत नेमकी इथेच झाली होती.

खरं काम: रोजकीर्द

वडील म्हणायचे, आलेला पैसा आधी कुणाचा ते लिही, किती ते मग. त्यांच्या रोजकीर्दीत रकमेच्या आधी नाव असायचं. या कराचं सगळं कसब यातच आहे. दर सगळ्यांना सारखाच. पैसा येतो त्या दिवशी तो कुठल्या रकान्यात बसतो हे लिहून ठेवलंत तर तिमाहीचं काम वीस मिनिटांचं होतं. नाही लिहिलंत तर माझ्यासारखं जमिनीवर बसावं लागतं.

माझ्या वहीत, म्हणजे आता स्प्रेडशीटमध्ये, असे रकाने आहेत.

पहिला, खासगी इन्शुरन्स. पूर्ण करपात्र.

दुसरा, मेडिकल असिस्टन्स (मिनेसोटातल्या मेडिकेडचं नाव) आणि मिनेसोटाकेअर. इथे बहुतेक जण अडखळतात. सरकारी पैसा म्हणजे माफ, असं वाटतं. राज्याच्या मेडिकेडचा पैसा करपात्र आहे, मग तो सरळ राज्याकडून येवो किंवा एखाद्या हेल्थ प्लॅनमार्फत.

तिसरा, मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः पासष्टीपुढच्यांचा केंद्राचा विमा. हा माफ, आणि नुसता सरकारकडून आलेला भागच नाही, तर पेशंटने दिलेला को-पे (दर भेटीचा त्याचा वाटा), डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी त्याने स्वतः भरायची रक्कम), पूरक म्हणजे सप्लिमेंट पॉलिसीकडून आलेली रक्कम, सगळंच. मेडिकेअर अॅडव्हान्टेजही यातच. त्याचं कार्ड खासगी कंपनीचं असल्यामुळे बिलिंगचं सॉफ्टवेअर ते बिनदिक्कत पहिल्या रकान्यात टाकतं, तेव्हा नजर ठेवा. मेडिकेअर ज्या सेवेला पैसे देतच नाही ती पेशंटने स्वतःच्या खिशातून घेतली, तर मात्र करपात्र. एलएमएफटी आणि एलपीसीसी मंडळींना १ जानेवारी २०२४ पासून मेडिकेअरला बिल करता येतं. त्यामुळे ज्यांच्या वहीत हा रकाना कधीच नव्हता त्यांनी आता तो काढायला हवा. आमच्या गटातल्या एकीने सवयीने पूर्ण वर्षाचा मेडिकेअरचा पैसा करात धरला होता.

चौथा, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा विमा आणि सैन्याचा ट्रायकेअर. प्लॅनने दिलेली रक्कम माफ, पण पेशंटचा को-पे आणि डिडक्टिबल करपात्र. मेडिकेअरच्या बरोबर उलट. याला मी तर्क शोधत बसत नाही, रकाने दोन करते. केंद्राचा कर्मचारी ओळखायचा कसा? ब्लू क्रॉस या विमा कंपनीचं कार्ड असेल तर आयडीच्या सुरुवातीला बघा. आर अक्षर आणि पुढे आठ आकडे असतील तर तो केंद्राचा प्लॅन. टपाल खात्यात किंवा विमानतळाच्या सुरक्षेत काम करणारे क्लायंट असतील तर पहिल्या भेटीतच विचारून घ्या.

पाचवा, को-पे आणि स्वतः पैसे भरणारे. करपात्र. इथली बारीक खोच कार्डाची. क्लायंटने कार्डावर १५० डॉलर भरले आणि मशीनवाल्याने आपलं कापून १४५ खात्यात टाकले, तर मोजायचे १५०. बँकेचं स्टेटमेंट बघून कर काढलात तर कमी भरला जाईल.

सहावा, रुग्णसेवा नसलेलं: इंटर्नना दिलेल्या सुपरव्हिजनची फी, व्याख्यानं, कोर्टाचे अहवाल, शनिवारी दुसरीला खोली दिली त्याचं भाडं.

आणि इन्शुरन्सने दिलेले पैसे परत मागितले, जे ते मागतातच, तर परत केलेली रक्कम ज्या रकान्यातून गेली तिथून वजा करा. मी ती लाल अक्षरात लिहिते. वडिलांची सवय.

एका तिमाहीचा हिशेब

आकडे माझे खरे नाहीत, प्रमाण साधारण खरं आहे. खासगी इन्शुरन्स २२,६०० डॉलर. मेडिकल असिस्टन्स वगैरे ६,३००. को-पे आणि रोख ५,४००, यात मेडिकेअरवाल्यांचे को-पे नाहीत. मेडिकेअर सगळं मिळून ४,७००. ट्रायकेअरने दिलेले १,३००. ताब्याचा एक अहवाल २,०००. सुपरव्हिजन ६००. एकूण आले ४२,९००.

करपात्र फक्त पहिले तीन: २२,६००, ६,३०० आणि ५,४००, म्हणजे ३४,३००. त्याचे १.८ टक्के ६१७ डॉलर ४० सेंट. रकाने न पाडता सरसकट ४२,९०० वर काढला असता तर ७७२ डॉलर २० सेंट झाले असते. फरक दीडशे डॉलरचा, वर्षाला सहाशेच्या वर. तेवढ्यात माझं परवान्यासाठीचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं.

तारखा

अंदाजे कर वर्षातून चारदा: १५ एप्रिल, १५ जुलै, १५ ऑक्टोबर आणि पुढच्या वर्षीची १५ जानेवारी. वर्षाचं रिटर्न १५ मार्चला. वर्षाचा एकूण कर ५०० डॉलर किंवा त्याहून कमी होणार असेल तर चार हप्त्यांची कटकट नाही, मार्चमध्ये रिटर्नबरोबर एकदम भरा. १.८ च्या दराने ५०० डॉलर म्हणजे साधारण २७,७०० डॉलरची करपात्र जमा, तेव्हा आठवड्याला दोन-तीन क्लायंट बघणाऱ्यांना हा रस्ता मोकळा आहे.

एप्रिलची पंधरा ही इन्कम टॅक्सचीही तारीख, आणि केंद्राच्या पहिल्या हप्त्याचीही. त्या दिवशी तीन ठिकाणी पैसे जातात. त्यात जानेवारीपासून सगळ्यांची डिडक्टिबल नव्याने सुरू होते, क्लायंट पैसे द्यायला उशीर करतात, इन्शुरन्स तर काहीच देत नाही. म्हणून मी वेगळं बचत खातं ठेवलं आहे. दर शुक्रवारी आठवड्याच्या करपात्र जमेचे २ टक्के तिकडे टाकते. १.८ च्या जागी २, म्हणजे गुणाकार तोंडी होतो आणि वर्षाअखेर थोडं उरतंही.

रिटर्नमध्ये सगळी जमा आधी दाखवायची, मग माफीच्या ओळी एकेक करून वजा करायच्या. माफ रक्कम आधीच गाळून फक्त करपात्र आकडा भरायचा मोह होतो. करू नका. उद्या कुणी इन्कम टॅक्सच्या रिटर्नशी ताडून पाहिलं तर दोन्हीकडची जमा जुळली पाहिजे. भरलेला प्रोव्हायडर टॅक्स केंद्राच्या रिटर्नमध्ये धंद्याचा खर्च म्हणून वजा होतो, शेड्यूल सी (एकट्याच्या धंद्याचा नफा-तोटा दाखवायचा फॉर्म) भरत असाल तर करांच्या ओळीत. दुसऱ्या राज्यातल्या अकाउंटंटला हे तुम्हीच सांगायचं.

क्लायंटकडून घ्यायचा का

कायदा तुम्हाला हा खर्च पुढे ढकलायची मुभा देतो. इन्शुरन्स कंपन्यांशी असलेल्या करारांतूनही तो वसूल करता येतो, कराच्या टक्क्यापेक्षा जास्त मात्र नाही. स्वतःच्या पैशाने कर्मचाऱ्यांचा विमा चालवणाऱ्यांकडूनही तो घेता येईल का, हा वाद १९९५ मध्ये आठव्या सर्किटच्या, म्हणजे केंद्राच्या, अपील न्यायालयापर्यंत गेला होता आणि तिथे राज्याची बाजू टिकली. आता बहुतेक करारांत तो ठरलेल्या दरात धरलेला असतो. इन्शुरन्स कंपनीच्या पॅनेलवर (तिच्या प्रोव्हायडरांच्या यादीत) जाताना करार उघडून मिनेसोटाकेअर टॅक्स हा शब्द शोधा. 'दरात समाविष्ट' असं लिहिलेलं दिसेल किंवा वेगळी टक्केवारी दिसेल. काहीच न दिसलं तर सहीच्या आधी लेखी विचारा. सहीनंतर उत्तर यायला महिने लागतात, स्वानुभव आहे.

रोख देणाऱ्या क्लायंटच्या बिलावर मी कराची वेगळी ओळ टाकत नाही. माझं मत आहे, कुणाला पटेल न पटेल. पन्नास मिनिटं रडून उठलेल्या माणसाच्या हातात दोन डॉलर सत्तर सेंटची ओळ ठेवणं मला जमत नाही. फीच ठरवताना ते धरते. तुम्हाला ओळ टाकायची असेल तर टाका, पण ती रक्कमही सेवेपोटीच मिळाली आहे, म्हणून जमेत धरावी लागते.

प्रॅक्टिस बंद करताना

मागच्या वर्षी एक ज्येष्ठ सहकारी निवृत्त झाल्या. डिसेंबरात शेवटचं सेशन, जानेवारीत सगळी खाती बंद. मार्चमध्ये इन्शुरन्सचे जुने क्लेम सुटले आणि चार हजारांच्या वर पैसे आले. ते नव्या वर्षाची जमा झाले आणि त्यांना प्रोव्हायडर टॅक्सचं खातं पुन्हा चालू करून घ्यावं लागलं. शेवटच्या सेशननंतर निदान सहा महिने खातं उघडं ठेवा, आणि शेवटचा क्लेम मिटल्यावरच ई-सर्व्हिसेसवरून ते बंद करा. बंद केल्याचं जे पत्र येतं ते त्या वर्षाच्या फायलीत सगळ्यात वर लावून ठेवा.